रापी कोणाच्या हातात, हुकूम कोणाचा?

करिअर मार्गदर्शनाच्या प्रत्येक शिबिरात आपल्या मुलांना एक उपदेश हमखास ऐकवला जातो. आवडीचे काम निवडा, खरे समाधान त्यातच आहे. उपदेश वाईट नाही. पण तो करणारे बहुतेक जण एक प्रश्न गाळून पुढे जातात. या देशात काम निवडण्याचा अधिकार कोणाला होता? आणि ज्यांना तो नव्हता, त्यांच्या हातातल्या हत्याराचा, कौशल्याचा आणि समाधानाचा इतिहास कोणी लिहिला?

वस्त्यांमध्ये काम करताना आम्हाला दोन टोकाची मते नेहमी ऐकू येतात. एक मत म्हणते, बापजाद्यांची सुरी, रापी, कोयता हे सगळे लाजिरवाणे आहे, त्याचे नावही काढू नका. दुसरे मत म्हणते, कोणतेही काम हलके नसते, पारंपरिक कौशल्याचा अभिमान बाळगा आणि तेच पुढे न्या. पहिले मत आपल्यातूनच येते, दुसरे बहुधा बाहेरून. आमच्या मते दोन्ही मते अर्धवट आहेत, आणि दोन्हींना बाबासाहेबांनी कधीच उत्तर देऊन ठेवले आहे. ते उत्तर आज पुन्हा मांडण्याची गरज आहे, कारण 'पारंपरिक कौशल्य' हा शब्द पुन्हा एकदा सरकारी योजनेच्या वेष्टनात आपल्या दारात आला आहे.

समाधानाचा मुद्दा बाबासाहेबांनी आधीच मांडला होता

१९३६ साली लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळासाठी बाबासाहेबांनी जे भाषण लिहिले, आणि जे मंडळाने होऊ दिले नाही, त्यातला एक युक्तिवाद सगळ्यांना पाठ आहे. जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे. तो युक्तिवाद इथेच थांबत नाही, याकडे मात्र आपले लक्ष कमी जाते. बाबासाहेब पुढे म्हणतात की उद्योगव्यवस्थेतला मोठा दोष केवळ दारिद्र्य आणि कष्ट हा नाही. ज्या कामाची ओढ नाही ते काम असंख्य लोकांना करावे लागते, हा त्याहून मोठा दोष आहे. अशा कामाबद्दल माणसाच्या मनात तिटकारा निर्माण होतो, ते टाळण्याची इच्छा होते. ज्या कामात ना मन आहे ना बुद्धी, ते काम चांगले कसे होणार?

म्हणजे आज ज्याला 'जॉब सॅटिस्फॅक्शन' म्हणतात, तो मुद्दा बाबासाहेबांनी जातिअंताच्या मध्यभागी ठेवला होता. त्यांच्या दृष्टीने कामातले समाधान हा सुखवस्तू माणसाचा चोचला नव्हता. जन्माच्या आधारे काम लादले की समाधानाची शक्यताच संपते, आणि समाजाची कार्यक्षमताही संपते, असे त्यांचे म्हणणे होते. हा मुद्दा हातात धरूनच आपण सुरीच्या इतिहासाकडे पाहिले पाहिजे.

एका कातड्याच्या मागे किती जाती

गावात बैल मेला की काय व्हायचे? महारांनी तो ओढून गावाबाहेर न्यायचा आणि सोलायचा. काही भागांत हे काम मांगांकडे असे. कातडे ढोरांकडे जायचे. ते चुन्यात भिजवायचे, केस आणि मांसाचा थर खरवडायचा, मग बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात मुरवायचे. पुष्कळदा कातड्याचीच पिशवी शिवून ती टांगत आणि तिच्यात सालीचे पाणी भरत. तयार झालेले चामडे चांभाराकडे जायचे आणि त्याच्या रापीखाली त्याची चप्पल, मोट, पट्टा तयार व्हायचा. शेवटी ती मोट कुणब्याच्या विहिरीवर चढायची आणि चप्पल पाटलाच्या पायात जायची. पाटलाच्या पायात गेलेली चप्पल अपवित्र नव्हती. ती बनवणारा हात मात्र अपवित्र होता.

या साखळीतल्या प्रत्येक टप्प्यावर एक पाते आहे, आणि प्रत्येक पात्यामागे मोठे शास्त्र आहे. जनावर सोलताना सुरी जरा तिरपी पडली तर कातड्याला भोक पडते आणि त्याची किंमत उतरते. उशीर झाला तर कातडे कुजते. रापी ही चपटी, रुंद पात्याची असते. तिची धार पुढच्या कडेला असते. जाड चामडे कुठे कापायचे, शिवणीजवळ ते किती तासून पातळ करायचे, हे डोळ्यांपेक्षा बोटांना जास्त कळते. वर्षानुवर्षे दगडावर घासून रापी झिजते आणि एका हाताच्या सवयीची होते. म्हणूनच कारागीर आपली रापी सहसा दुसऱ्याला देत नाही. हत्यारावर असे प्रेम असणे हे कामात जीव असल्याचेच लक्षण आहे.

मग या कौशल्याला मराठी समाजाने काय दिले? 'चांभारचौकशा' हा शब्द दिला. मापे नीट घेणारा, चामड्याची प्रत पारखणारा, जोडा कुठे टोचतो ते खोदून विचारणारा कारागीर हा खरे तर उत्तम कारागीर. पण त्याची ती चिकित्सा भाषेत निरर्थक चौकशीची शिवी होऊन बसली. ज्यांनी हा शब्द रूढ केला, त्यांना तयार जोडा हवा होता. तो जोडा करणाऱ्याची बुद्धी मान्य करण्याची तयारी नव्हती.

या साखळीने आणखी एक अनर्थ केला. सोलणारा वेगळा, कमावणारा वेगळा, शिवणारा वेगळा. एकाच कातड्याला हात लावणारे हे सगळे, पण एकमेकांच्या घरी पाणी पीत नव्हते. बाबासाहेबांनी जिला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, ती अशी प्रत्यक्ष कामाच्या जागीच शिकवली जात होती. वरच्याने खालच्यावर नाक मुरडायचे आणि त्यातच आपले समाधान मानायचे. समाधान कामातून न मिळता दुसऱ्याला हीन मानण्यातून मिळावे, ही या व्यवस्थेची खरी करामत होती.

तेच मढे, तीच सुरी, पण सलामी वेगळी

आता कोणी म्हणेल, मेलेल्या देहाला हात लावणे म्हणजे घाण, म्हणून ते काम हलके मानले गेले. इतिहास तपासला तर हा बचाव टिकत नाही.

१८३५ साली कलकत्त्यात मेडिकल कॉलेज सुरू झाले. १८३६ साली मधुसूदन गुप्त यांनी तिथे मानवी प्रेताचे विच्छेदन केले. त्या काळात हे मोठे धाडस होते, यात वाद नाही. त्या घटनेच्या सन्मानार्थ फोर्ट विल्यममधून तोफांची सलामी दिली गेली, अशी आठवण आजही सांगितली जाते. सलामी झाली असो वा नसो, मधुसूदन गुप्त यांचे नाव इतिहासात सन्मानाने नोंदले गेले. बंगालमधल्या डोमांनी आणि महाराष्ट्रातल्या महारांनी मेलेल्या देहांना त्याआधी शेकडो वर्षे हात लावला होता. त्यांच्या वाट्याला गावाबाहेरची वस्ती आली. मृतदेह आणि पाते दोन्हीकडे होते. फरक होता तो हात कोणाचा याचा.

आणि ही गोष्ट १८३६ मध्येच संपलेली नाही. आजही देशातल्या अनेक सरकारी शवागारांत प्रत्यक्ष पाते चालवणारा हात सफाई कामगाराचा असतो, आणि तो बहुधा आपल्याच समाजातला असतो. डॉक्टर निरीक्षण करतात, नोंदी लिहितात, सही करतात. कवटी उघडण्याचे कौशल्य ज्याच्या हातात आहे, त्याला तंत्रज्ञ म्हणून पद नाही, प्रशिक्षण नाही, अहवालात नाव नाही.

आपल्या पुण्याजवळचे उदाहरण तर याहून बोलके आहे. इंग्रजांच्या सैन्यात बैल हाकणारा कावसजी नावाचा माणूस टिपू सुलतानाच्या हाती लागला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आले. पुढे पुण्याजवळ एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी घेऊन नवे नाक तयार केले. १७९४ साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये याची हकीकत छापून आली. ती वाचून युरोपातल्या शल्यविशारदांचे कुतूहल जागे झाले आणि १८१४ साली जोसेफ कार्प्यू यांनी लंडनमध्ये या पद्धतीने शस्त्रक्रिया केली. आधुनिक प्लास्टिक सर्जरीच्या इतिहासात हा प्रसंग महत्त्वाचा मानला जातो. ते नाक करणारा माणूस वीट-कुंभारकाम करणाऱ्या जातीतला होता, असे त्या हकीकतीत म्हटले आहे. आज प्लास्टिक सर्जरीचा अभिमान सांगताना सुश्रुताचे नाव घेतले जाते. अठराव्या शतकात ती विद्या प्रत्यक्ष हातात जिवंत ठेवणाऱ्या त्या बलुतेदाराचे नावही आपल्याला माहीत नाही. विद्येचे श्रेय ग्रंथाला गेले आणि ज्याने पाते चालवले तो निनावी राहिला.

सुरी खाली ठेवली, तेव्हा काय घडले

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. चवदार तळ्याचा सत्याग्रह आपण दरवर्षी साजरा करतो. त्याच परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस सोडण्याचे आवाहन केले होते, हेही तितकेच लक्षात ठेवले पाहिजे. तळ्याचे पाणी पिणे हा हक्क मिळवण्याचा भाग होता आणि मृतमांस सोडणे हा गुलामीचा मोबदला नाकारण्याचा भाग होता.

मोबदला हा शब्द आम्ही जाणीवपूर्वक वापरतो. महारकीच्या कामाला रोख पगार जवळजवळ नव्हता. इनामाची तुटपुंजी जमीन, बलुत्याचे धान्य, दारोदारच्या भाकरी आणि मेलेल्या जनावराचे मांस व कातडे, हाच पगार. १८७४ च्या वतन कायद्याने या बंधनाला सरकारी शिक्का मिळाला. वतनदार महार रात्री-अपरात्री केव्हाही सरकारच्या हुकमाला हजर पाहिजे. तो नसेल तर त्याच्या घरातल्या दुसऱ्याला कामाला जुंपता येई. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१८ साली महार वतन रद्द करून मार्ग दाखवला होता. बाबासाहेबांनी १९२७ साली 'बहिष्कृत भारत'मधून महार आणि त्यांचे वतन या विषयावर लिहिले. १९ मार्च १९२८ रोजी त्यांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. जमीन राखून सेवेतून मुक्त होण्याची वाट त्यात होती, बलुत्याऐवजी रोख पैशाची तरतूद होती. ते विधेयक तेव्हा पार पडले नाही. वतने संपवणारा कायदा यायला १९५८ साल उजाडावे लागले. तीस वर्षे!

मृत जनावरे ओढणे बंद झाल्यावर गावगाड्याची प्रतिक्रिया काय होती, हे बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात सांगितले आहे. 'केसरी'च्या गोटातून त्यांच्यापुढे हिशेब मांडला गेला होता. तुमचे लोक गरीब आहेत, अंगावर धड वस्त्र नाही, मेलेल्या ढोरांच्या कातड्यातून आणि शिंगाखुरांतून त्यांना वर्षाला पाचशे रुपये मिळतात, ते तुम्ही का बुडवता? बाबासाहेबांचे उत्तर साधे होते. एवढा फायदा असेल तर तो तुम्हीच घ्या. तुम्ही हे काम करा, वर पैसे मी देतो. ते आव्हान कोणीही स्वीकारले नाही.

या एका प्रसंगात कामाच्या प्रतिष्ठेची सगळी चर्चा सामावली आहे. जे काम इतके फायद्याचे आणि प्रतिष्ठेचे आहे असे सांगितले जाते, ते करायला सांगणारा स्वतः का पुढे येत नाही? १९३६ साली गांधीजींनी 'हरिजन'मध्ये आदर्श भंग्याचे वर्णन करणारा लेख लिहिला. भंगीकाम किती पवित्र आणि ते करणाऱ्याने ते कसे जाणकारीने करावे, हे त्यात आहे. बाबासाहेबांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात या प्रकारच्या उपदेशाची चिरफाड केली. घाणीचे काम फक्त अस्पृश्यांसाठी उदात्त, दारिद्र्य फक्त शूद्रांसाठी भूषण, असे शिकवणे ही क्रूर थट्टा आहे, असा त्यांचा रोख होता.

आपल्या लोकांनी सुरी खाली ठेवली, त्याची किंमतही त्यांनी मोजली. बलुते बंद, दुकानातला माल बंद, शेतावरची मजुरी बंद. मुंबई सरकारने १९२८ साली नेमलेल्या आणि बाबासाहेब ज्याचे सभासद होते त्या स्टार्ट समितीने, सामाजिक बहिष्कार हे स्पृश्यांच्या हातातले किती भयंकर शस्त्र आहे, हे आपल्या १९३० च्या अहवालात नोंदवले. उपाशी राहून ज्यांनी ते काम सोडले, त्यांना त्या कामाची लाज वाटत होती म्हणून त्यांनी ते सोडले, असे समजणे हा त्यांचा अपमान आहे. त्यांनी काम सोडले ते नकार देण्याचा हक्क प्रस्थापित करण्यासाठी. ज्या माणसाला 'नाही' म्हणता येत नाही, त्याच्या 'हो'ला काही अर्थ नसतो.

धम्मात पाते कुठे आहे

आपण बौद्ध आहोत, तेव्हा धम्माला विचारू. भिक्खूच्या आठ परिष्कारांत तीन चीवरे, भिक्षापात्र, कमरबंद, सुई आणि पाणी गाळण्याचे वस्त्र यांच्याबरोबर वस्तराही आहे. सर्वस्व सोडलेल्या माणसाने जवळ बाळगायच्या मोजक्या वस्तूंत एक पाते आहे. म्हणजे पाते अपवित्र ही कल्पना मुळात धम्माची नाहीच.

वस्तरा चालवणारा उपाली हा शाक्यांचा न्हावी. शाक्य राजपुत्रांबरोबर तो संघात आला, तेव्हा राजपुत्रांनीच तथागतांना विनंती केली की आमच्याआधी उपालीला दीक्षा द्या, म्हणजे आम्हाला त्याला वंदन करावे लागेल आणि आमचा कुळाचा अहंकार जिरेल. पुढे उपाली विनयाचा सर्वश्रेष्ठ जाणकार ठरला आणि राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनयाचे पठण त्याच्याकडून झाले. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात उपालीच्या आणि झाडूवाल्या सुनीताच्या दीक्षेला आवर्जून जागा दिली आहे. उपालीला संघाने 'आदर्श न्हावी हो' असे सांगितले नाही. विनयाचा आचार्य होण्याची वाट त्याला मोकळी करून दिली.

मज्झिम निकायातल्या नंदकोवाद सुत्तात तर याहून पुढची गोष्ट आहे. महाप्रजापती गोतमींसह आलेल्या भिक्खुणींना उपदेश करताना नंदक थेर एक उपमा देतात. कुशल गोघातक धारदार सुरीने गाय अशी सोलतो की आतल्या मांसाला इजा होत नाही आणि बाहेरच्या कातड्यालाही होत नाही. मधले बंध तेवढे तो कापतो. ती धारदार सुरी म्हणजे काय? ती आर्य प्रज्ञा, जी आतले क्लेश आणि बंधने कापते. विचार करा. ज्या सुरीमुळे आपल्या पूर्वजांना गावाबाहेर ठेवले गेले, ती सुरी आपल्या धम्माच्या वाङ्मयात प्रज्ञेचे रूप म्हणून येते. याचा अर्थ धम्म कत्तलीचा पुरस्कार करतो असा नाही. त्याच धम्मात उपासकासाठी शस्त्र, माणसे, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार वर्ज्य सांगितला आहे. पण सम्यक आजीविकेची ही कसोटी काम काय करते हे पाहते. ते करणारा कोणाच्या पोटी जन्मला, हे ती पाहत नाही.

उना: सुरी धरली तरी मार, सोडली तरी मार

११ जुलै २०१६. गुजरातमधल्या मोटा समढियाळा गावातले दलित तरुण मेलेल्या गाईचे कातडे काढत होते. गोरक्षकांनी त्यांना गोहत्येचा आरोप करून मारले, उना शहरात नेऊन गाडीला बांधून, अर्धनग्न करून मारले आणि त्याचे चित्रीकरण पसरवले. जे काम जातीने त्यांच्यावर लादले होते, तेच काम करताना त्यांना फोडून काढले. १९२७ नंतर महाराष्ट्रातल्या महारांनी सुरी सोडली म्हणून मार खाल्ला. २०१६ मध्ये गुजरातच्या दलितांनी सुरी धरली म्हणून मार खाल्ला. म्हणजे सुरी हा मुद्दाच नव्हता, हुकूम मोडण्याचा आणि हुकूम देण्याचा अधिकार कोणाला, हा मुद्दा होता.

उन्यानंतर जे घडले ते महाडच्या वाटेवरचेच होते. सुरेंद्रनगरात जिल्हाधिकारी कार्यालयासमोर मेलेली जनावरे आणून टाकण्यात आली. तुमची माता आहे, तुम्हीच अंत्यविधी करा. ५ ते १५ ऑगस्टपर्यंत अहमदाबाद ते उना पदयात्रा निघाली. मेलेली जनावरे उचलणार नाही, अशी शपथ हजारोंनी घेतली आणि त्याबरोबर जमिनीची मागणी केली. ही जोडी महत्त्वाची आहे. काम सोडा एवढेच म्हटले तर माणूस उपाशी मरतो. म्हणून नकाराबरोबर पर्यायही मागावा लागतो. २६ एप्रिल २०१८ रोजी त्याच गावात मार खाल्लेल्या कुटुंबाने इतर अनेकांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली.

माणसालाच 'कोयता' म्हणतात तेव्हा

महाराष्ट्रात सुरी जातीच्या नावाने येत नसली तरी दुसऱ्या वेषात येते. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास बीड आणि मराठवाड्यातून लाखो माणसे ऊसतोडीला निघतात. त्या धंद्याच्या भाषेत नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात, एकट्या माणसाला 'अर्धा कोयता'. हत्याराचे नाव माणसाला दिले की माणसाचे नाव विचारायचे कारण राहत नाही. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत काम सोडता येत नाही, एक दिवस पडून राहिले तर खाडा लागतो. खाडा नको म्हणून बीड जिल्ह्यातल्या बायकांनी गर्भाशये काढून टाकल्याची प्रकरणे पुढे आली आणि २०१९ साली सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. या कोयत्यांत दलित आहेत, भटके आहेत, वंजारी आहेत, मराठाही आहेत. जात वेगवेगळी असली तरी वतनाचाच नियम त्यांना लागू आहे. उचल घेतलेला माणूस 'नाही' म्हणू शकत नाही.

आणि वर्तमानपत्रात कोयता येतो तो फक्त 'कोयता गँग' म्हणून. लाखो कष्टकऱ्यांच्या हातात जे हत्यार रोज असते, त्याची बातमी गुन्ह्यापुरतीच. शस्त्रविषयक नियम नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्यांना निर्बंध घालतात, पण शेती, घरकाम आणि उद्योगाची हत्यारे त्यातून वगळतात. कायद्याला काम आणि गुन्हा यांतला फरक कळतो, मग तो समाजाच्या नजरेला का कळू नये?

हत्यार घ्या, वारसा नाकारा

आता सध्याच्या प्रश्नाकडे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने पीएम विश्वकर्मा योजना सुरू केली. १८ व्यवसाय त्यात आहेत. त्यात चर्मकार आहे, न्हावी आहे, परीट आहे, टोपल्या-झाडू करणारा आहे. हत्यारांच्या संचासाठी १५ हजार रुपये, प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये भत्ता, आणि दोन टप्प्यांत मिळून तीन लाखांपर्यंत ५ टक्के व्याजाचे कर्ज. आमचे तरुण विचारतात, घ्यावे की नाही?

आमचे मत स्पष्ट आहे. पैसा सरकारचा म्हणजे आपलाच आहे, ज्याला गरज आहे त्याने तो जरूर घ्यावा. पण या योजनेच्या उद्दिष्टातच गुरू-शिष्य परंपरा आणि कुटुंबाधारित पारंपरिक कौशल्य बळकट करण्याची भाषा आहे. जातीची अट नाही, असे सांगितले जाते. मात्र ज्या देशात कुटुंबाचा पारंपरिक धंदा म्हणजेच जात, तिथे या भाषेचा अर्थ आपल्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. तामिळनाडू सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये हीच हरकत घेतली आणि कुटुंबाच्या धंद्याची अट काढल्याशिवाय योजना राबवायला नकार दिला. त्यांना हे चटकन दिसले, कारण त्यांच्याकडे आठवण ताजी आहे. १९५३ साली राजगोपालाचारींनी मद्रास प्रांतात मुलांनी अर्धा वेळ शाळा आणि उरलेला वेळ घरचा धंदा शिकण्याची योजना आणली. पेरियारांनी तिला कुलशिक्षण म्हणून झोडपले आणि १९५४ मध्ये ती मागे घ्यावी लागली.

आपल्याकडे ही चर्चा जवळजवळ झालीच नाही. म्हणून आम्ही काही मागण्या मांडतो. कोणतेही कौशल्य शिकायला कोणाही तरुणाला वाट मोकळी हवी, कुटुंबाच्या धंद्याचा उल्लेख अर्जातून जायला हवा. चर्मकाराच्या मुलाला रापीऐवजी लेथ हवा असेल तर तेच कर्ज त्याला मिळायला हवे, आणि जोश्याच्या मुलाला चप्पल शिवायला शिकायचे असेल तर त्यालाही. शवविच्छेदनाचे काम करणाऱ्या सफाई कामगाराला तंत्रज्ञाचे प्रशिक्षण, पद आणि पगार मिळायला हवा. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, २०२५ मध्ये मिलानच्या मंचावर प्राडाने तशीच चप्पल दाखवली आणि उशिराने मूळ मान्य केले. त्या व्यवहारात कारागिराचा वाटा किती, हे करारात लिहिलेले असायला हवे.

आणि एक मागणी आपल्या स्वतःकडे. आपल्यातल्या काहींना अजून वाटते की आम्ही ढोरे ओढणे सोडले, म्हणून रापी धरणाऱ्या बांधवापेक्षा आम्ही पुढे आहोत. कातड्याच्या साखळीने शिकवलेली ती जुनी नाक मुरडण्याची सवय आहे. चर्मकार, ढोर, मातंग बांधवांशी बोलताना ती आधी काढून टाकली पाहिजे. स्वतःच्या दुकानात, स्वतःच्या दराने, स्वतःच्या मर्जीने रापी चालवणारा कारागीर आणि काम सोडून ऑफिसात गेलेला त्याचा भाऊ, दोघेही बाबासाहेबांच्या वाटेवर आहेत. वाटेबाहेर आहे तो त्यांना परत जन्माच्या धंद्याकडे ढकलणारा.

कामात समाधान आहे की नाही, हे पाहण्याची आमची कसोटी म्हणून सोपी आहे. हे काम मी निवडले का? त्याचा दर ठरवताना माझे ऐकले जाते का? माझ्या कौशल्याचे श्रेय माझ्या नावावर आहे का? ते मला उद्या सोडता येईल का? आणि माझ्या लेकराला ते करावेच लागणार आहे का? करिअर शिबिरात आवडीच्या कामाचा उपदेश होईल तेव्हा आपल्या मुलामुलींनी उभे राहून हे पाच प्रश्न विचारावेत. उत्तरे समाधानकारक असतील तर हातात रापी असो, वस्तरा असो, शल्यविशारदाची सुरी असो की लेखणी, ती अभिमानाने धरावी. नसतील तर ती खाली ठेवण्याचा हक्क महाडने आपल्याला दिला आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!